मैनी गेली तेव्हा मी विचारलंच नाही

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेले भाषण)

मला भाषण येत नाही. ताई म्हणाल्या, शेळीचं सांग. म्हणून सांगते.

मैनी माझी उस्मानाबादी शेळी. गटातून नऊ हजार कर्ज काढून घेतलेली. दोन वेळा व्याली, दोन्ही वेळा जुळी करडं. पण ती नुसती कर्जाची शेळी नव्हती हो. माझी धाकटी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी मैनीच्या गळ्यात पडायची.

एका रात्री तिनं दावं तोडलं आणि ज्वारीच्या पोत्यात तोंड घातलं. सकाळी बघते तर डावी कूस फुगलेली, रवंथ बंद, दात खाते. आमच्या गावाला एक खासगी डॉक्टर यायचे. अकरा वर्षं तेच. गावाचा भरवसा त्यांच्यावर. ते आले, दोन इंजेक्शनं दिली. मग तिची मान वर ओढून बाटलीनं औषध ओतलं. तिला ठसका लागला, नाकातून औषध आलं. मी म्हणलं, "सर, कसलं औषध आहे?" ते म्हणाले, "तुला नाव सांगून काय कळणार आहे?" मी गप्प बसले. पाचशे रुपये दिले. दुपारपासून तिची छाती घरघरायला लागली. दिवस मावळायच्या आत गेली.

फोन केला तर म्हणाले, "जनावर आहे, मरतंय कधीमधी." तिथंच माझं मन उडालं बघा. शेळ्या मरतात, ते मलाही कळतं. पण अकरा वर्षांच्या ओळखीत एक शब्द नीट बोलायला काय लागतं?

रात्रीच खड्डा करून पुरली. विमा होता, पण कानातला बिल्ला महिनाभर आधीच पडला होता, मी कळवलं नव्हतं. शवविच्छेदन नाही, दाखला नाही. पैसे मिळाले नाहीत. ती चूक माझी. हप्ते सोयाबीन काढणीच्या मजुरीतून फेडले.

आता माझी दुसरी चूक सांगते, ती जास्त महाग पडली. मी सगळ्याच डॉक्टरांवर राग धरला. पावसाच्या आधी सरकारी दवाखान्याची माणसं आंत्रविषाराची लस टोचायला आली. पशुसखी ताई दारात येऊन हाक मारत होती. मी शेळ्या घेऊन रानात निघून गेले. म्हणलं, सुई नको नि डॉक्टर नको. पहिला पाऊस झाला, कोवळं गवत आलं, करडं पोटभर चरली. एका सकाळी दोन चांगली धष्टपुष्ट करडं आडवी पडलेली. रात्री तर उड्या मारत होती. मैनीचीच करडं ती.

पशुसखी मला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेली. या वेळी एक करडू पोत्यात घालून सोबत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ते फाडून बघितलं आणि आंत्रविषार सांगितला. लस पहिल्यांदा टोचली की दोन-तीन आठवड्यांनी परत टोचायची, मग दर वर्षी पावसाच्या आधी, हेही सांगितलं. मी धीर करून मैनीचं विचारलं. ते म्हणाले, जास्त धान्य खाल्लं की पोटात आम्ल होतं, त्यानं शेळी दगावू शकते. आणि मान ताणून औषध ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, त्यानंही दगावते. औषध पाजताना तोंड पाठीच्या रेषेत ठेवायचं, गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडायचं, खोकली की थांबायचं. मैनी नेमकी कशानं गेली हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणाले. मला वाटलं होतं ते त्या डॉक्टरांना नाव ठेवतील. नाही ठेवलं.

आणखी एक. त्या सकाळी मीही ज्वारीचं बोलले नव्हते. घरात सासूबाई ओरडतील, पोतं उघडं ठेवलं म्हणून. डॉक्टरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तेव्हापासून वही केलीय. तारीख, काय झालं, काय खाल्लं, औषधाचं नाव, दूध किती दिवस वापरायचं नाही, सगळं. लिहायला धाकटी आहे. अडीनडीला १९६२ नंबरला फोन लावते. तो फुकट आहे, गाडी येते. कधी उशिरा येते, खोटं कशाला सांगू.

ते जुने डॉक्टर अजून गावात येतात. मागच्या महिन्यात जावेच्या शेळीला त्यांनाच बोलावलं होतं. शेळी मीच धरली. त्यांनी बाटली काढली तशी मी म्हणलं, "सर, मान एवढी वर नको. आणि औषधाचं नाव या वहीत लिहून द्या." त्यांनी माझ्याकडं बघितलं. जाऊबाई घाबरली. मग त्यांनी हात खाली घेतला, हळूहळू पाजलं आणि लिहून दिलं. अक्षर काही लागत नाही, पण रिकाम्या बाटलीवरून धाकटीनं नाव उतरवून घेतलं.

माझ्या गोठ्यात त्यांना मी अजून बोलावत नाही. मैनीची एक पाट राहिलीय, ती आता गाभण आहे. तिच्या कानात बिल्ला आहे, रोज संध्याकाळी हात लावून बघते.