चार्जरांतला रातकिडा



गेल्या श्रावणांत पन्हाळ्यास एका स्नेह्यांच्या घरीं माझा चार दिवस मुक्काम होता. त्या दिवसांत गड धुक्यांत बुडालेला असतो. तबक उद्यानाकडची वर्दळ थांबली कीं पागोळ्यांखेरीज कांहीं ऐकूं येत नाहीं. अशा शांततेंत घरांतली नऊ वर्षांची नात रोज तक्रार करी कीं, उशाशीं किडा ओरडतो, झोंप येत नाहीं. "रातकिडे आहेत, बाळ, नीज आतां," असें आजोबा म्हणत. त्यांस कांहींच ऐकूं येत नव्हतें. खरें सांगायचें तर मलाही नाहीं. पण मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २० ते २०,००० कंपनें ऐकतो आणि ही वरची मर्यादा वयाबरोबर खालीं उतरते, हें ठाऊक असल्यामुळें मुलीवर अविश्वास दाखविण्याचें धाडस मला झालें नाहीं.

उशाशीं मोबाइलचा चार्जर लावलेला होता. तो काढला, नात म्हणाली, "थांबला." पुन्हां लावला, "ओरडला!" मग त्यास रिकामा फोन जोडला, तेव्हां आवाज बंद, फोन भरत आला तसा पुन्हां सुरू. निदान येथेंच अर्धें झालें.

जुना लोखंडी ट्रान्स्फॉर्मर घुमे तो सेकंदास १०० कंपनांनीं, म्हणजे आपल्या ५० आवर्तनांच्या विजेच्या दुपटीनें. आजच्या चार्जरांत विजेची उघडझाप सेकंदास ६५,००० वेळां, कधीं त्याहूनही अधिक होते. ती कोणालाच ऐकूं येत नाहीं. परंतु भार हलका झाला कीं वीज वांचविण्यासाठीं तो आपले ठोके विरळ करतो, आणि ते श्रवणाच्या पट्टींत उतरतात. आतां ठोक्यांस कंठ कोण देतो? एक तर ट्रान्स्फॉर्मरचा गाभा व वेटोळें, नाहीं तर सिरॅमिक कपॅसिटर. दाबानें स्फटिकांत वीज उत्पन्न होते हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. उलट, विजेनें असे पदार्थ आकुंचन-प्रसरणही पावतात. बेरियम टायटनेटचा इवलासा कपॅसिटर असाच हालतो आणि खालची पट्टी ढोलाच्या कातड्याप्रमाणें थरारते.

तो चार्जर कोल्हापुरास आणून मीं उघडला. (हें घरीं करूं नये, २३० व्होल्टांची वीज आंत सुमारें ३२५ व्होल्टांची होते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरांत राहूं शकते.) माझा कान निरुपयोगी, म्हणून मायक्रोफोन लावला, पडद्यावर १४,००० कंपनांजवळ टोंक दिसलें. कोरड्या बांबूच्या काडीनें ट्रान्स्फॉर्मर दाबला, फरक नाहीं. एका सिरॅमिक कपॅसिटरवर काडी टेकतांच टोंक बसलें. त्याच्या जागीं तेवढ्याच मापाचा व व्होल्टेजचा फिल्म कपॅसिटर घातला. पडदा सपाट!

हा आवाज त्रासाचा होता, धोक्याचा नव्हता. त्याच घरांत देवघरापुढच्या दिव्यांच्या माळेचा अडॅप्टर मात्र पूर्ण भारावर नव्यानेंच सी-सी करूं लागला होता, आणि तो आजोबांनाही ऐकूं येई. त्याच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचें डोकें फुगलेलें निघालें. असा कपॅसिटर आंतून सुकला कीं नियंत्रणाचा तोल जातो आणि उष्णता वाढते. तो अडॅप्टर मीं दुरुस्त केला नाहीं, टाकूनच दिला.

रात्रीं निजण्यापूर्वीं घरांतले सर्व अडॅप्टर ऐकून येण्याचें काम आजोबांनीं आतां नातीकडे सोंपविलें आहे.