रथयात्रेचा बेत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्षभरात मंडळाने काय काय केले, ते चिटणीसबाईंनी आत्ताच आपणांस वाचून दाखविले. मला त्यांनी पुढच्या कामाविषयी बोलावयास सांगितले आहे. जगन्नाथपुरीच्या रथयात्रेला आपण साऱ्या जणींनी मिळून जावे, असे बोलणे आपल्यात काही दिवस चालले आहे. हौस तर सर्वांनाच आहे. पण केव्हा जावे, कसे जावे आणि कोणी कोणी जावे, याचा विचार नीट झालेला नाही. तो आज आपल्यापुढे मांडते.

जळकोटच्या बायकांना यात्रा काही नवी नाही. तुळजापूर तर आपल्याच तालुक्याचे ठिकाण. सकाळी निघावे, आईची ओटी भरावी आणि दिवेलागणीच्या आत घरी यावे. पंढरीची वाटही आपल्यातल्या कितीतरी जणींच्या पायांखालची आहे. पुरीचे मात्र तसे नाही. ते गाव पार पूर्वेच्या समुद्राकाठी, ओडिशात. भाषा वेगळी, अन्न वेगळे, आणि गर्दी लाखांची. तेथे ऐन वेळी 'चला गं' म्हणून पिशवी उचलून निघता येत नाही.

तरी एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. पुरीच्या उत्सवाचे दिवस लक्षात ठेवावयास वेगळे पंचांग नको, आपले सणवार पुरेत. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला आंब्याचा नैवेद्य होतो, त्या दिवशी पुरीत रथ घडवावयास प्रारंभ होतो. हे रथ दर वर्षी नव्या लाकडाचे करतात. आपण वडाला फेऱ्या घालतो ती ज्येष्ठी पौर्णिमा म्हणजे तेथली स्नानपौर्णिमा. त्या दिवशी देवांना १०८ घागरींनी स्नान घालतात. मग देवांना ताप येतो अशी समजूत आहे, आणि पुढे पंधरवडाभर दर्शन बंद असते. आषाढ शुद्ध द्वितीयेस रथ निघतात, दशमीला परत फिरतात. त्या परतीला 'बाहुडा' म्हणतात. आणि आपल्या आषाढी एकादशीलाच तेथे सिंहद्वारापुढे रथांवर देवांना सोन्याचा साज चढतो. तो 'सुनावेश'.

इंग्रजी तारीख मात्र दर साल हलते. २०२५ साली रथ २७ जूनला निघाले. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो दिवस १६ जुलैवर गेला. म्हणून बेत करताना आधी पंचांग उघडावे, मग तारखा ठराव्या.

आता खरी अडचण सांगते. हे दिवस कसले आहेत? मृगाचा पाऊस वेळेवर लागला तर पेरण्या उरकून सोयाबीन-उडदाची खुरपणी अंगावर येते. पाऊस लांबला तर पेरणीच आषाढात जाते. खुरपे कोणाच्या हातात असते, ते या सभेत सांगावयास नको. शेत टाकून आठवडाभर परमुलखात जाणे एकटीदुकटीला जमणार नाही. मग ज्यांच्या घरी शेत नाही, किंवा ज्यांच्या सुना हाताशी आल्या आहेत, तेवढ्याच जाणार. आणि जिला सर्वांत जास्त विसावा हवा आहे, ती बांधावरच राहणार. यात्रा मंडळाची म्हणावयाची आणि निघावयाचे चार सुखवस्तू घरांनी, असे होता कामा नये.

याबाबतीत पुरीची एक कथा ऐकण्याजोगी आहे. रथ निघतात तेव्हा तीन रथांवर तिघे असतात : बलभद्र, सुभद्रा आणि जगन्नाथ. दोघा भावांबरोबर बहीण निघते, पण लक्ष्मीला देव घरीच ठेवून जातात. चार-पाच दिवस वाट पाहून हेरापंचमीला लक्ष्मी स्वतः पालखीत बसून गुंडिचा मंदिरापर्यंत जाते आणि रागाने जगन्नाथाच्या रथाचा एक तुकडा मोडून येते. त्रयोदशीला देव घरी परततात तेव्हा ती दार लावून घेते. मग रसगुल्ल्यांचा नैवेद्य दाखवून देवाला तिची समजूत काढावी लागते. आपली रुक्मिणी रुसून दिंडीरवनात गेली, तिचीच ही बहीण म्हणावयाची. हा रुसवा तेथे दर वर्षी सर्वांसमक्ष साजरा होतो. मागे ठेवलेल्या बाईचे मन देवालाही मोडता येत नाही, असे मी त्यातून समजते.

तेव्हा माझी पहिली सूचना अशी. आपल्या बापजाद्यांनी सावडीची रीत घालून दिली आहे. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. तीच रीत यात्रेला लावावी. मंडळाने दोन याद्या कराव्या. एक जाणारणींची, दुसरी सावड करणारणींची. जाणारीच्या वाटची खुरपणी, तिच्या म्हाताऱ्या सासूचे जेवण, शाळेच्या मुलांचा डबा, हे दुसऱ्या यादीतील भगिनींनी वाटून घ्यावे. पुढल्या खेपेस याद्यांची अदलाबदल व्हावी. ज्या जातील त्यांनी आल्यावर आठ दिवस सावड फेडावी. जिच्या पदरी मजुरीखेरीज काही नाही, तिचेही नाव यादीत आधीपासून असावे.

पैशाचेही तसेच. आपल्याला भिशी ठाऊक आहे. दरमहा २०० रुपये बाजूस टाकले तर दीड वर्षात ३,६०० होतात. खर्चाचा पुरता अंदाज काढून हा आकडा कमीजास्त करावा आणि रक्कम मंडळाच्या नावे बँकेत राहावी. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा सोलापूरपर्यंतचा खर्च थोडका. रेल्वेत मात्र वृद्धांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तिच्या भरवशावर राहू नये. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना जाहीर केली. वय साठ किंवा अधिक, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि माणशी ३०,००० रुपयांपर्यंत मदत, अशा तिच्या अटी होत्या. आपल्यातील वडीलधाऱ्या बायकांसाठी तिचा उपयोग होतो का, याची चौकशी कोणीतरी आधीच करावी.

आता वाटेचे. सोलापूरला कोणार्क एक्स्प्रेस मिळते. मुंबईहून निघून ती सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम् करीत भुवनेश्वरला जाते. आपण त्याच्या अलीकडे खुर्दा रोडला उतरावे. तेथून पुरी सुमारे ४४ किलोमीटर. प्रवास एक दिवस आणि दोन रात्रींचा धरावा. अपरात्री उतरावे लागले तर उजाडेपर्यंत सर्वांनी स्टेशनातच बसावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. साठावा दिवस कोणता, ते आधी मोजून ठेवावे, आणि जाण्याचे व येण्याचे तिकीट दोन्ही हाती आल्याखेरीज कोणीही पिशवी भरू नये. मुक्कामासाठी मंदिर प्रशासनाची नीलाद्री, नीलाचल, पुरुषोत्तम अशी भक्तनिवासे आहेत. जागा आधी ठरवावी, आणि मिळाली नाही तर बेत पुढे ढकलावा. उघड्यावर राहण्याचे साहस पावसाळ्यात नको.

दिवस कोणते निवडावे? माझ्या मते द्वितीयेच्या ऐवजी परतीची यात्रा धरावी. सप्तमीच्या रात्री सोलापूर सोडले तर नवमीला पुरीस पोचून विसावा मिळतो. दशमीला रथ पाहावे, एकादशीस दुरून सुनावेश पाहावा, द्वादशीला समुद्र आणि जमल्यास कोणार्क. गुरुपौर्णिमेला आपण आपल्या घरी असू. या दिवसांत देव मूळ मंदिरात नसतात, म्हणून आत जाण्याची धडपड करावयाचे कारणच नाही. समुद्रस्नान मात्र काठावरच करावे. तेथे लाटांना ओढ फार. नोलिया नावाचे कोळी यात्रेकरूंना हात धरून स्नान घालतात, त्यांना सोबत घ्यावे.

गर्दीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. २९ जून २०२५ रोजी पहाटे गुंडिचा मंदिराजवळ चेंगराचेंगरी होऊन तीन माणसे गेली, त्यांत दोन बाया होत्या. आपल्या महाराष्ट्रात वाईजवळ मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी सुमारे ३०० भाविक प्राणांस मुकले. ती माणसेही देवासाठीच गेली होती, आणि घरी त्यांची वाट पाहणारे होते. म्हणून दर्शन थोडे कमी झाले तरी चालेल, पण जितक्या गेल्या तितक्या परत आल्या पाहिजेत, हा नियम सर्वांनी मानावा.

त्यासाठी रथांचाच क्रम आपण घेऊ. पुढे बलभद्राचा तालध्वज, चौदा चाकांचा. मध्ये सुभद्रेचा दर्पदलन, बारा चाकांचा. मागे जगन्नाथाचा नंदिघोष, सोळा चाकांचा. धाकटी बहीण दोघा भावांच्या मध्ये. आपणही तिघी-तिघींच्या तुकड्या कराव्या. पुढे माहीतगार, मध्ये जिचे गुडघे दुखतात ती, मागे धडधाकट. मधलीच्या चालीने तिघींनी चालावे. प्रत्येकीच्या पोलक्याच्या आत नाव, मुक्कामाचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पिनेने लावावी, कारण गर्दीत मोबाइल लागेलच असे नाही. चुकामूक झाल्यास कोठे जमावयाचे, ते पहिल्याच दिवशी ठरवावे, आणि ती जागा देवळापासून दूर असावी. दागिने घरी ठेवावे. गळ्यात काळी पोत पुरे. रोजची औषधे, मीठसाखरेचे पाणी आणि एक जोड कोरडे लुगडे प्रत्येकीजवळ हवे.

रथाचा दोर ओढल्याने पुण्य लागते, अशी श्रद्धा आहे. आपल्या भगिनींनी दोराकडे जाऊ नये, असे मी आग्रहाने म्हणते. रथ सुमारे ४५ फूट उंच आहेत, ते लांबूनही दिसतात. मंदिरापासून गुंडिचापर्यंत बडदांड नावाचा सुमारे तीन किलोमीटरचा हमरस्ता आहे. त्याच्या दोन्ही अंगांच्या घरांच्या गच्च्यांवर आधी ठरवून, पैसे देऊन बसता येते. इमारत भक्कम आहे ना, एवढे पाहून तेथे बसावे.

लांबून पाहिले म्हणून दर्शन उणे होते, असे कोणी मनात आणू नये. ज्यांना देवळात येता येत नाही, त्यांच्यासाठी देव रस्त्यावर येतो, हाच या उत्सवाचा अर्थ आहे. सालबेग नावाचा भक्त मुसलमानाच्या पोटी जन्मला, त्याला आत प्रवेश नव्हता. जगन्नाथाचा रथ आजही त्याच्या समाधीपाशी थांबतो. मार्च १९५५ मध्ये आपले विनोबा पुरीस गेले होते. बरोबरच्या फ्रेंच भगिनीस आत घेत नाहीत असे कळल्यावर ते दारातूनच परतले. पुढे १९५८ साली पंढरपूरच्या मंदिराने मात्र त्यांचे सर्व धर्मांच्या सोबत्यांसह स्वागत केले. सोबतीण बाहेर राहात असेल तर आपणही आत जाऊ नये, हा धडा आपल्या मंडळाने घेण्याजोगा आहे.

पुरी आपल्याला अगदीच परकी आहे असेही नाही. १७५१ ते १८०३ पर्यंत ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. सिंहद्वारापुढचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून तेथे उभा केला, तो मराठ्यांच्याच अमदानीत. तो पाहावयास विसरू नका.

शेवटची सूचना सरावाची. कलबुर्गीस शरणबसवेश्वरांचा रथ होळीनंतर पाचव्या दिवशी निघतो. उमरगा, आळंद करीत एका दिवसात जाऊन येण्यासारखे ते ठिकाण आहे. पुरीच्या आधी एकदा तेथे सर्वांनी जावे. तिघींची तुकडी, चिठ्ठी, जमावयाची जागा, सारे तेथे करून पाहावे. कोणाचे पाय किती चालतात आणि कोणाचा जीव गर्दीत घाबरतो, हे आपल्याला घराजवळच कळून येईल.

पुढल्या बैठकीत चिटणीसबाई दोन कोऱ्या याद्या घेऊन बसतील. जाणारणींनी पहिल्या यादीत नाव द्यावे. पण माझी विनंती अशी की सावडीची यादी आधी भरावी. ती जितकी लांब होईल, तितक्याच बायका आपल्याला पुरीस धाडता येतील.