फुर्काचा घाट आणि आपली लाल गाडी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला, "तू स्वित्झर्लंडला असतोस, तिकडचं काहीतरी सांग. दहा मिनिटं." बाई, 'मी केलेली सहल' हा निबंध तुम्ही मला दोनदा लिहायला लावला होता आणि दोन्ही वेळा दहापैकी चारच गुण दिले होते. आज तिसरा प्रयत्न करतो.

झुरिकहून रेल्वेने साधारण दोन तासांवर अँडरमॅट नावाचं डोंगरातलं गाव आहे. जुनी लाकडी घरं, गावातून खळाळत जाणारी रॉइस नदी आणि चहूबाजूंनी डोंगर. उंची सुमारे १४४० मीटर, म्हणजे आपल्या विल्सन पॉइंटएवढी. काही वर्षांपूर्वी आई आणि अण्णा आमच्याकडे आले होते. जुलैतल्या एका शनिवार-रविवारी आम्ही सगळे तिकडे गेलो. आईने धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, हे सांगायला नकोच.

अण्णा म्हणजे माझे वडील. एस.टी.त ३१ वर्षं ड्रायव्हर. सातारा-महाबळेश्वर, कधी पसरणीच्या घाटाने, कधी मेढ्यावरून केळघरच्या घाटाने.

अँडरमॅटच्या आसपासच्या डोंगरांत चार नद्या उगम पावतात: ऱ्हाइन, ऱ्होन, रॉइस आणि तिचिनो. ऱ्हाइन जाते उत्तर समुद्राला, ऱ्होन भूमध्य समुद्राला. हे सांगितल्यावर आईने लगेच हात जोडले. "म्हणजे हे यांचं क्षेत्र महाबळेश्वर," ती म्हणाली. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. त्यातली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. आईने बरोबर ओळखलं होतं. माझी बायको सांगलीची. ती म्हणाली, "वर तुम्ही हात जोडता आणि खाली पाणी आमच्या घरात येतं." २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा तिच्या माहेरच्यांनी तीन दिवस माळ्यावर काढले होते. त्यामुळे यावर कोणी हसलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही फुर्का घाटाची बस धरली. ही पिवळी पोस्टाची बस. पूर्वी घोडागाडीतून टपाल आणि माणसं जायची, मग मोटारी आल्या. पहिली गाडी बर्नहून सुटली १ जून १९०६ ला. हे ऐकताच अण्णा ताठ बसले. आपली पहिली एस.टी. पुण्याहून नगरला गेली तीही १ जूनलाच, १९४८ साली. "आणि माझा वाढदिवसपण १ जून," अण्णा म्हणाले. त्यांच्या गुरुजींनी दाखल्यावर लावलेला. समोर बसलेल्या गुरुजनांना जास्त सांगायला नको!

अण्णा ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले. बस २४२९ मीटरपर्यंत चढते. आंधळ्या वळणावर ड्रायव्हर तीन सुरांचा भोंगा वाजवतो. रोसिनीच्या 'विल्यम टेल' या ऑपेरातले सूर आहेत ते. मुलं खूश. पण अण्णांचं लक्ष रस्त्याकडे. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जात होता. मी त्यांना पिवळ्या शिंगाची निळी पाटी दाखवली. ती पाटी असलेल्या रस्त्यावर अडचणीच्या जागी बसचा ड्रायव्हर सांगेल तसं बाकीच्या गाड्यांनी मागेपुढे व्हायचं. "तसा कायदाच आहे?" अण्णांनी दोनदा विचारलं.

घाट ओलांडून आम्ही ऱ्होनच्या हिमनदीपाशी उतरलो. उन्हाळ्यात तिचा काही भाग पांढऱ्या कापडाने झाकून ठेवतात, वितळू नये म्हणून. अण्णा म्हणाले, "बर्फाच्या लादीला पोतं गुंडाळतात तसंच की." इतकी वर्षं मी पाहुण्यांना हवामानबदल समजावतोय, पण इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नाही.

परतताना तोच ड्रायव्हर भेटला. मी त्याला सांगितलं, हेही घाटातलेच ड्रायव्हर. त्याने हात मिळवला आणि विचारलं, "तुमच्याकडे बर्फ?" अण्णा म्हणाले, "बर्फ नाही. धुकं. जुलैत बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. कडेच्या दगडांवर चुना मारलेला असतो, तो बघत जायचं." मी भाषांतर केलं. तो म्हणाला, "धुकं बर्फापेक्षा वाईट." दोघं दहा मिनिटं बोलले आणि मी मध्ये दुभाषा. चुन्याच्या दगडांची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

आता जे सांगायचं ते याच शाळेतलं आहे. आठवीतली आपली प्रतापगड-महाबळेश्वरची सहल आठवते? प्रासंगिक करारावर लाल गाडी घेतली होती. त्या गाडीवर अण्णांची ड्यूटी लागली होती. वर्गात डॉक्टरांची, वकिलांची मुलं होती. मी कोणाला सांगितलं नाही. पसरणीच्या घाटात एकाला उलटी होऊ लागली, तेव्हा मीच ओरडलो, "ओ ड्रायव्हरकाका, गाडी थांबवा." त्यांनी गाडी थांबवली. मागे वळून पाहिलं नाही. वेण्णा तलावावर आपण कणसं खात होतो आणि ते गाडीच्या सावलीत एकटेच डबा खात बसले होते.

अँडरमॅटला त्या रात्री मी हा विषय काढला. अण्णा म्हणाले, "मला कळलं व्हतं. पोराला अवघड वाटत असंल तर बापानं ओळख दाखवू नये. त्यात काय एवढं?" आणि कूस बदलून झोपले. मला झोप लागली नाही.

मित्रांनो, त्या सहलीतले ड्रायव्हरकाका माझे वडील आहेत. आज ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत, पांढरी टोपी घातलेले. त्यांना मीच आग्रहाने आणलं आहे. सहलीहून आपल्याला सुखरूप परत आणल्याबद्दल तेव्हा त्यांना कोणी काही म्हटलं नव्हतं. जेवणाच्या वेळी जमलं तर त्यांच्याशी दोन शब्द बोला. धुक्याचं विचारा, ते सांगतील.

बाई, निबंध संपला.