घरच्या माणसाच्या हाती गाडी आणि विमा

भारतात मोटारीचा विमा चालकाचा नसून गाडीचा असतो. त्यामुळे मुलगी, भाऊ किंवा सासरे गाडी चालवत असताना अपघात झाला, तरी मालकाची पॉलिसी लागू राहते. मात्र चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना हवा आणि तो नशेत नसावा. परवाना नसेल तर गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो. जखमी वाटसरूला द्यावी लागलेली भरपाईही कंपनी मालकाकडून वसूल करू शकते.

बहुतेक घरांत एक गोष्ट लक्षातच येत नाही. १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त परवानाधारक नोंदणीकृत मालकासाठी असते. त्याची गाडी चालवणाऱ्या मुलाला किंवा पत्नीला ते मिळत नाही. त्यांच्यासाठी थोडा जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण जरूर घ्यावे.