राखेचे मोल



आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील राखेचे डबडे आठवत असेल. चुलीतली राख ही फेकून देण्याची चीज नव्हती. तिनेच भांडी लखलखीत होत. चूल गेली तशी राखही घरातून गेली, असे आपण समजतो. पण ती गेलेली नाही. ती आपल्या डोक्यावर जाऊन बसली आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पोझोलाना सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्रातील १५ ते ३५ टक्के राख घालण्यास भारतीय मानकाची मुभा आहे. आपल्या घराचा स्लॅब त्या सिमेंटचा असेल, तर आपण राखेच्याच आसऱ्याला आहोत!

कोणी म्हणेल, ही तर भेसळ झाली. तसे नव्हे. सिमेंटमध्ये पाणी पडले की खडी आणि वाळू यांना धरून ठेवणारा पदार्थ तयार होतो आणि त्याबरोबर थोडा चुनाही सुटतो. या चुन्याच्या अंगी बळ नसते. पाझरत्या पाण्याबरोबर तो वाहूनही जातो. राखेतील अतिसूक्ष्म सिलिका त्याला गाठते आणि त्याच्यापासूनही बांधून ठेवणारा पदार्थ बनविते. आपले जुने गवंडी चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळीत. रोमन लोक ज्वालामुखीची राख वापरीत. तत्त्व तेच आहे.

यात लाभ दुहेरी आहे. सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते, आणि १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीच्या इंधनाचा धूर निराळाच. जितके सिमेंट वाचेल तितके हे सारे वाचते. दुसरीकडे, न वापरलेली राख तळ्यांत साठत राहते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा येथे अशाच एका राखतळ्याचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शिवारात शिरला. तीच राख सह्याद्रीत घाटघरच्या धरणांत काय करते ते पाहा. रोलरने दाबून केलेल्या तेथील काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राखच अधिक आहे, आणि ती पाणी अडवून उभी आहे.

मग अडते कोठे? अडते आपल्या उतावळेपणापाशी. राखेचे काम सावकाश चालते. पहिल्या आठवड्यात असे काँक्रीट मागे राहते. पुढे महिनोन्‌महिने बळ धरीत जाते. पण त्यासाठी ते ओले राहिले पाहिजे. २००० सालचे मानक साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी द्या म्हणते, आणि राखेच्या सिमेंटला १४ दिवसांची शिफारस करते. आपल्याकडे चौथ्या दिवशी पाणी मारणारा माणूस दुसऱ्या कामावर जातो, आणि पुढे स्लॅब गळू लागला की दोष राखेला! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरे काय?

उन्हाळ्यात पाणी आणायचे कोठून, हा प्रश्न रास्त आहे. पण येथे पाणी ओतण्यापेक्षा ते उडू न देणे महत्त्वाचे. स्लॅबवर आळी करावीत, खांबांना ओले गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिक लावावे. थोडक्या पाण्यात भागते. आणखी एक सावधगिरी हवी. दिसेल ती राख घमेल्याने मिश्रणात टाकू नये. तळ्यातली राख जाडीभरडी असते. अर्धवट जळलेला कोळसा राहिलेली राखही घातक. धुराड्यापाशी कोरडी गोळा केलेली, तपासलेली बारीक राखच सिमेंटची जागा घेऊ शकते.

मंडळी, टाकाऊ वस्तू आपोआप उपयोगी होत नाही. तिला पारख लागते, आणि पारखीहून अधिक सबुरी लागते. घर बांधताना कंत्राटदाराला दर विचाराल, तेव्हा एक प्रश्न अधिक विचारा : ‘पाणी किती दिवस मारणार?’ तो १४ म्हणाला, तर ते कागदावर लिहून घ्या, आणि पंधराव्या दिवसापर्यंत रोज संध्याकाळी स्लॅबवर एक फेरी मारा.