पायाखालची वास्तू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या सभागृहात येताना आपण सर्वांनी पादत्राणे दाराशी उतरवली. ती तेथेच ठेवून आत यावे, हा आपला शिष्टाचार. आज मात्र दाराशी राहिलेल्या त्या वस्तूविषयीच चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतो. मी केंद्र सरकारच्या सेवेतला साधा बी. ए. झालेला माणूस, स्थापत्यशास्त्र शिकलेलो नाही. जे सांगणार आहे ते माझ्या कन्येमुळे उमगले.

ती फॅशन महाविद्यालयात पादत्राणांची रचना शिकते. तिने हा विषय घेतला तेव्हा मला तो रुचला नव्हता. साताऱ्याहून थोरल्या बंधूंचा फोन आला, की ‘डिझाइनचे काहीतरी शिकते’ एवढे सांगून मी विषय बदलत असे. ‘चपला करायला शिकते’ हे शब्द ओठांवर येत नसत. त्या अडखळण्यामागे जातीचा पिढीजात संस्कार होता, हे आज आपल्यासमोर कबूल करतो.

एके दिवशी तिने दोन पुस्तकांवर एक पोस्टकार्ड आडवे टाकले आणि त्यावर पेपरवेट ठेवला. कार्ड वाकले. मग त्याच कार्डाला पन्हळी पत्र्यासारख्या घड्या घातल्या. आता पेपरवेट निवांत बसला. ती म्हणाली, “बाबा, मोठ्या दालनांची घडीदार काँक्रीटची छपरे अशीच भार पेलतात. मी या घड्यांची टाच करणार आहे.”

तेव्हापासून मी जोड्याकडे वास्तू म्हणून पाहू लागलो. टाच उंच केली, की ती व चवडा यांच्यामध्ये पुलाखाली असते तशी पोकळी राहते. इटलीचे प्रख्यात कारागीर साल्वातोरे फेरागामो यांनी अमेरिकेत शरीररचनाशास्त्राचा अभ्यास केला आणि पावलाच्या कमानीला आधार देण्यासाठी तळात पोलादी पट्टी बसवली. 1935 नंतर इटलीवरील आर्थिक निर्बंधांमुळे चांगले पोलाद मिळेना, तेव्हा त्यांनी ती पोकळी बुचाच्या लाकडाने भरून काढली. अखंड पाचरीसारखी टाच प्रचारात आली ती अशी. 1950 च्या दशकात पोलादी गाभ्याची सुईसारखी टाच आली. साठ किलो वजनाच्या स्त्रीचा अर्धा भार जरी एक चौरस सेंटिमीटरच्या टाचेवर पडला, तरी तो तीस किलो होतो. हत्तीच्या पावलाखालीही एवढा दाब पडत नाही. साहजिकच अनेक इमारतींच्या जमिनींवर खड्डे पडले!

पुढे तर वास्तुविशारदच या क्षेत्रात उतरले. विख्यात वास्तुविशारदाचे पुतणे व त्यांचेच नाव लावणारे रेम डी. कूलहास स्वतः वास्तुरचना शिकलेले. बार्सिलोना खुर्चीवरून सुचलेला, एकाच वळत्या पट्टीचा जोडा त्यांनी घडवला आणि 2003 मध्ये ‘युनायटेड न्यूड’ ही संस्था सुरू केली. तिच्यासाठी 2013 मध्ये झाहा हदीद यांनी सज्जाप्रमाणे एकाच बाजूने आधारलेला, टाचेखाली खांब नसलेला जोडा रचला.

कन्येची पहिली टाच मात्र चार पावलांतच फाटली. ती घेऊन ती कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडे गेली. त्यांनी अंगठ्याने चामडे दाबून पाहिले आणि सांगितले, की टाके घडीच्या रेषेवरच घातले आहेत. पोस्टाची तिकिटे छिद्रांवर फाटतात तसे हे फाटणारच. टाके घडीपासून दूर घेतले आणि टाच टिकली. प्रकल्पाच्या वहीत मार्गदर्शक म्हणून तिने प्राध्यापकांच्या नावाखाली मोचीकाकांचे नाव लिहिले. ते वाचताना मला माझ्या फोनवरच्या उत्तरांची लाज वाटली.

हेमाडपंती देवळांत चुन्यावाचून दगडात दगड बसवला, याचा आपण परप्रांतीय मित्रांना अभिमानाने उल्लेख करतो. पारंपरिक कोल्हापुरी वहाणही खिळ्यावाचून, चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. त्या कारागिराचा उल्लेख आपण कितीदा करतो? 2019 मध्ये या वहाणेला महाराष्ट्र व कर्नाटकातील चार-चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात ‘प्राडा’ने तिच्यासारख्या वहाणा उगम न सांगता मांडल्या, तेव्हा आपण सारे संतापलो. संताप रास्त होता. परंतु ते नाव मी तरी माझ्या घरात कुठे घेत होतो?

जाता जाता स्मरणिकेच्या संपादकांना एक विनंती. सभासदांच्या मुलांच्या यादीत कन्येच्या नावापुढे मी ‘डिझाइन’ असे लिहून दिले होते. कृपया ते खोडून ‘पादत्राण-रचना’ असे छापावे. बंधूंना मी कालच फोन करून सांगितले आहे. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “माझ्या पायाचे माप पाठवू का?”