आरामखुर्ची, चार फाटा आणि आपलं सायकल स्टँड
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

पहिल्या रांगेत बसून वडापाव कधी येणार म्हणून मघापासून मागे वळून बघणाऱ्या बालमित्रांनो,

सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. छंद कोणता ते तुम्ही रोज बघताच. संध्याकाळी साडेपाचला गेटमधून जी लांबलचक, जमिनीलगतची, झेंडा लावलेली वस्तू बाहेर पडते, तीच. मुलं तिला 'काकांची आरामखुर्ची' म्हणतात. सी विंगमधल्या एका आजींनी ती पहिल्यांदा गॅलरीतून पाहिली, तेव्हा वॉचमनला ओरडून सांगितलं होतं, "अरे, कोणीतरी सायकलवरून पडलंय, उचला त्यांना!"

तिचं नाव रेकम्बंट सायकल. मी तिला 'टेकून चालवायची सायकल' म्हणतो. सीट खुर्चीसारखी, पाठ टेकलेली, पाय समोर लांब केलेले आणि पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे. खोपोलीच्या कारखान्यात ३१ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, त्यानंतर माझ्या कमरेनेही निवृत्ती घेतली. साध्या सायकलवर वाकून बसणं बंद झालं. मग एका जुन्या वेल्डर मित्राला हाताशी धरून दोन भंगार सायकलींची ही एक केली. मागे २६ इंची चाक, पुढे २० इंची, मध्ये चौकोनी पाइप. साध्या सायकलच्या अडीच चेन जोडल्या तेव्हा कुठे ती पेडलपासून मागच्या चाकापर्यंत पोचली. पावसाळ्यात ती चेन साफ करणं हा वेगळा छंद आहे, त्यावर पुढच्या संमेलनात बोलीन.

हिच्यावर बसण्याचं सुख काय, तर मनगटं बधिर होत नाहीत, मान अवघडत नाही, आणि बसल्या बसल्या नजर समोर आणि जराशी वर राहते. कोंदिवड्याच्या रस्त्याला पहिल्या पावसानंतर जा. बाजूला उल्हास नदी, समोर राजमाचीचे डोंगर, त्यांच्यावरून उतरणारे पांढरे धागे. त्याच रस्त्याने मी पूर्वी साध्या सायकलवर कितीदा गेलो असेन, पण मला आठवतं ते डांबर. सपाट रस्त्यावर वारं समोरून आलं तर ही त्याला फारशी जुमानत नाही, कारण वाऱ्यापुढे आपली छाती नसते, तळपाय असतात. चढाला मात्र ही आळशी. पेडलवर उभं राहून जोर लावायची सोयच नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात हे जुन्या मंडळींना माहीत आहे. तो राजा काही या खुर्चीवर बसून झालेला नाही.

या सायकलची एक गोष्ट इथल्या आयांसाठी मुद्दाम सांगतो. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचे एक कारागीर होते. त्यांच्या लहान मुलाला सायकल हवी होती आणि त्याच्या आईला सायकल फार धोक्याची वाटत होती. म्हणून बापाने पोराला पेडलची चारचाकी करून दिली. ती इतकी आवडली की मोठ्या माणसांसाठीही तशा गाड्या निघाल्या, आणि पुढे त्यातूनच दोन चाकांची टेकून चालवायची सायकल आली. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या सायकलपटूने तिच्यावर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. आधीचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून कोणाला मोडता आला नव्हता. फोर काही पहिल्या फळीतला सायकलपटू नव्हता. पुढच्याच वर्षी सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलं की असली सायकल ही सायकलच नव्हे, आणि ती शर्यतींतून बाद झाली. तर ही जी वस्तू तुम्ही हसून बघता, ती एका आईच्या काळजीतून निघालेली आहे. त्या आईची भीती खोटी नव्हती. आपलीही नाही.

आता मुद्द्यावर येतो. मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे, "काका, इतक्या खाली बसून ट्रकवाल्याला तुम्ही दिसता कसे?" उत्तर असं की समोर असलो तर चांगला दिसतो. विचित्र वस्तू माणूस निरखून बघतोच. झेंड्यामुळे तर जास्तच. (झेंडा भगवट-नारिंगी आहे, पण तो कोणत्याही पक्षाचा नाही. निवडणुकीच्या वेळी दोनदा खुलासा करावा लागला होता.) धोका असतो तो बाजूला असलो की. गाडीच्या डाव्या कुशीत शिरलेला सायकलवाला, मग तो उंच असो की बुटका, ड्रायव्हरला दिसत नाही. ट्रेलर डावीकडे वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आत कापतात. खालापूर-खोपोलीच्या कारखान्यांच्या रस्त्यांवर हे रोज बघायला मिळतं. म्हणून थांबलेल्या ट्रेलरच्या डावीकडून पुढे घुसायचं नाही. मागे थांबायचं. धूर खावा लागतो, खायचा.

दुसरी गोष्ट ही सायकलच शिकवते. हिच्यावर माझे पाय डोळ्यांच्या मीटरभर पुढे असतात. गल्लीच्या तोंडाशी भिंतीआडून डोकावायचं म्हटलं तर डोळ्यांआधी पाय मुख्य रस्त्यावर जातात. त्यामुळे डोकावणं बंद. आधीच थांबतो, आरशात बघतो, आवाज ऐकतो, मग निघतो. साध्या सायकलवरच्या मुलांचंही पुढचं चाक डोळ्यांच्या आधी बाहेर पडतं, फक्त त्यांच्या ते लक्षात येत नाही.

आता आपला चार फाटा. कल्याणची, मुरबाडची, चौकची आणि गावातली वाहनं तिथे एकमेकांना भेटतात आणि कोणीच कोणाला ओळख देत नाही. शनिवार-रविवारी त्यात फार्महाउसवाले पाहुणे, एक डोळा रस्त्यावर आणि एक मोबाइलच्या नकाशावर. रंगवलेले पट्टे बघून तिथे काही कळत नाही. मी रस्ता वाचतो तो टायरवरून. जिथून गाड्या खरोखर जातात तिथलं डांबर घासून काळं, चकचकीत झालेलं असतं. जिथून कोणी जात नाही तिथे खडी आणि वाळू साठते. खडीवर ब्रेक दाबलात तर पडलातच. पण ती खडी सांगते की गाड्यांची वाट कुठे संपते. फाट्याला येण्याआधी हे बघून ठेवायचं, फाट्यात शिरल्यावर नाही.

आणि सरळ जायचं असेल तर अगदी कडेने जायचं नाही. हे ऐकून पालक दचकतात. पण फाट्यावर कडेची वाट ही डावीकडे वळणाऱ्या गाड्यांची असते. तुम्ही कडेने सरळ निघालात की ती गाडी तुम्हाला आडवी कापते. म्हणून पन्नासएक मीटर आधी मागे बघायचं, हात दाखवायचा आणि सरळ जाणाऱ्या लेनच्या मधोमध यायचं. फाटा ओलांडला की परत डावीकडे. हॉर्न वाजेल. वाजू दे. हॉर्न वाजवला याचा अर्थ तुम्ही त्याला दिसलात.

उजवीकडे वळायचं असेल तर बालमित्रांनो, शौर्य नको. सरळ पलीकडे जायचं, डाव्या कोपऱ्यावर थांबायचं, सायकल वळवायची आणि त्या बाजूच्या गाड्यांबरोबर निघायचं. नाहीतर खाली उतरून चालत जायचं. मी साठी उलटलेला माणूस ती आरामखुर्ची ढकलत चालत जातो, लोक हसतात, मीही हसतो.

सिमेंटच्या रस्त्याची कडा हे आपल्याकडचं नवं दुखणं. साइडपट्टी खाली, काँक्रीट वीतभर वर. चाक खाली उतरलं तर तिरकं वर चढवायला जाऊ नका, टायर घासतं आणि माणूस गाडीपुढे पडतो. थांबा, उचलून वर घ्या. रेल्वे फाटकावर रूळ काटकोनात ओलांडा, पावसात तर नक्कीच. आणि एक्सप्रेसवेला सायकलला मनाई आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तरी खालापूरच्या बाजूला जुना हायवे आणि एक्सप्रेसवे यांचे जोडरस्ते इतके जवळ आहेत की नवखा माणूस चुकून वर चढतो. पाटी दिसली नाही तरी हे लक्षात ठेवा, की समोर रिक्षा आणि मोटरसायकली दिसेनाशा झाल्या असतील तर आपण चुकीच्या रस्त्याला लागलोय. बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट त्या धनगराने दाखवली अशी आख्यायिका आहे. अजून ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. मला त्यातला भाव आवडतो, वाट माहीत असलेल्या माणसाला मान.

आता घरचं. आपल्या गेटसमोर डिव्हायडर झाल्यापासून स्टेशनकडे जाणारी आपली निम्मी मंडळी उलट दिशेने जातात. मुलं क्लासला तशीच जातात, कारण कट लांब आहे. मी घड्याळ लावून बघितलं. डावीकडे जाऊन, कटपाशी उतरून, रस्ता ओलांडून परत आपल्या गेटसमोर यायला सायकलवर साडेतीन मिनिटं लागतात. उलट्या दिशेचा धोका काय, तर गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा ड्रायव्हर उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. तुमचा मुलगा येतो डावीकडून. ड्रायव्हर वाईट नाही, तो फक्त तिकडे बघतच नाही.

या डिव्हायडरनंतर आयांनी सायकली बंद केल्या. कोणाला नावं ठेवत नाही. पण परिणाम बघा. पंधरा वर्षांपूर्वी बी विंगमागच्या स्टँडमध्ये सायकल लावायला जागा मिळायची नाही. काल मी मोजून आलो. अकरा सायकली, त्यातल्या सात पंक्चर, एकीवर कबुतराचं घरटं. आणि आता सप्टेंबरच्या वार्षिक सभेत स्टँड काढून तीन गाड्यांचं पार्किंग करायचा ठराव येतोय. ज्यांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात त्यांची अडचण खरी आहे, मी ती मान्य करतो. पण तीन गाड्या आत आल्या तर तीन कुटुंबांची सोय होईल, आणि स्टँड गेलं तर सोसायटीतलं एकही मूल परत सायकल मागणार नाही. ठेवायची कुठे? जिन्यात? तिथे ठेवली की सेक्रेटरी नोटीस लावतात.

म्हणून कमिटीला माझी विनंती आहे की ठराव एक वर्ष पुढे ढकलावा, आणि गेटच्या खांबावर एक गोल आरसा बसवावा, म्हणजे बाहेर पडणाऱ्याला रस्ता आधी दिसेल. त्याचा खर्च मी देतो. त्या वर्षात दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सहाला मी गेटपाशी उभा राहीन. रविवारी नाही, रविवारी पाहुणे असतात. आधी गेट ते कट, तो जमला की स्टेशन, आणि चार फाटा सगळ्यात शेवटी. आईवडिलांपैकी एकाने बरोबर यायचं, चालत आलात तरी चालेल. वर्षानंतर स्टँडमध्ये अकराच सायकली असतील तर ठरावाच्या बाजूने पहिला हात माझा.

आरामखुर्चीवर चक्कर कोणाला हवी असेल तर सायकल नीट चालवता येणाऱ्यालाच मिळेल, आणि ती आवाराच्या आतच. पंप वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला आहे. वॉलट्यूब मात्र ज्याची त्याने आणावी.

वडापाव आला वाटतं.